कापराचा खडा आणि तपकिरी गोळ्या

दीपप्रज्वलनाला पाहुणे उभे, फोटोग्राफर टपलेला, आणि समईची वात काही केल्या पेटेना. वात तेलात बुडालेली, वर डोक्यावर पंखा गरगरतोय. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला, गॅदरिंगच्या कमिटीत. सातवी काडी विझली तेव्हा प्राचार्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते अजून विसरले नाही. शेवटी मंडपवाल्या काकांनी खिशातून कापराचा खडा काढला, चुरला आणि वातीच्या टोकाला लावला. भप्पकन ज्योत! "ताई, पंखा आधी बंद करायचा असतो," एवढंच म्हणाले आणि खुर्च्या मोजायला निघून गेले. इव्हेंट मॅनेजमेंटचा माझा पहिला तास तो. फी काही नाही, अब्रू तेवढी गेली.

कॉलेजात असतानाच या धंद्याचे वेध लागलेल्यांसाठी ही थोडी चटपटीत भेळ.

गॅदरिंग हीच शाळा

आयआयटी मुंबईचा 'मूड इंडिगो' महोत्सव 1971 पासून आणि झेवियर्सचा 'मल्हार' 1979 पासून विद्यार्थीच उभा करतात. पुण्यातल्या कॉलेजांच्या नाट्यस्पर्धांत पुरुषोत्तम करंडक 1963 चा, फिरोदिया 1974 चा. नाव होतं नटांचं. पण अंधारात सेट लावणारा, घड्याळावर डोळा ठेवणारा पोरगा जे शिकतो ते कुठल्याही डिप्लोमात मिळत नाही. वेळ सांभाळणं तर फार वरच्या दर्जाचं कसब. 13 जुलै 1985 ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर 'लाइव्ह एड' हा गाण्यांचा कार्यक्रम झाला तेव्हा मंचावर चक्क ट्रॅफिक सिग्नल लावले होते. लाल झाला की गायक कितीही मोठा असो, आवरतं घ्यायचं. शिवाय मंच फिरता होता. एक बँड वाजवत असताना मागे दुसऱ्याची मांडामांड चालू. आपल्याकडच्या भाषणांना असा सिग्नल कोणी लावेल तर मी स्वतः हार घालीन.

गोळ्यांचं गौडबंगाल

व्हॅन हॅलन या अमेरिकी बँडच्या करारात एक कलम होतं: ग्रीन रूममध्ये 'एम अँड एम' गोळ्या ठेवा, पण तपकिरी एकही नको. लोकांना वाटलं, काय हे नखरे! गायक डेव्हिड ली रॉथनं पुढे खुलासा केला की ती खरं तर परीक्षा होती. त्यांचा सेट अवजड, विजेचा भार प्रचंड. वाटीत तपकिरी गोळी दिसली, की समजायचं आयोजकानं करार वाचलेला नाही. मग सगळी जोडणी पुन्हा तपासायची.

तुमच्याकडे वाटी नसेल, कोटेशन असेल. त्यातली खालची बारीक ओळ वाचा. जनरेटरचं भाडं लिहिलंय, पण डिझेल कोणाचं? वाहतूक, हमाली धरलीय का? 18 टक्के जीएसटी आत की वेगळा? माझ्या ओळखीतल्या एका पोरानं पहिल्याच कार्यक्रमात नफा मोजला तो जीएसटी विसरून. पार्टीही देऊन झाली होती.

चोपदारांचा चोप

गर्दी सांभाळायला शिकायचंय? मग ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर दोन मुक्काम चाला. दिंड्यांना नंबर ठरलेले. रथापुढे 27, बाकीच्या मागे. कोण कुठे चालणार यावर वाद नाही. पण खरी गंमत संध्याकाळच्या समाजआरतीला. हजारो टाळ खणखणत असतात. चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावतात आणि क्षणात सगळं शांत. मात्र एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले, तर समजायचं, त्यांची काही तक्रार आहे. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात. मग हरवल्या-सापडल्याची घोषणा, उद्याच्या प्रस्थानाची वेळ, आणि आरती. ना वॉकीटॉकी, ना व्हॉट्सअॅप ग्रुप. दिवस संपताना तक्रारी, हरवलेल्या वस्तू आणि उद्याचं वेळापत्रक हा क्रम मी माझ्या टीमसाठी सरळ उचलला. टाळ तेवढे आणायचे राहिलेत.

घड्याळात दहा

रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद; हा 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा हुकूम. सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. एके काळी सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर रंगायचा आणि पहाटेचे राग पहाटेच कानी पडायचे. या नियमानं ती मैफल आवरली. तेव्हा तुमच्या डीजे नाइटसाठी पोलीस चौकीत "साहेब, फक्त अर्धा तास" म्हणून उभं राहू नका.

आणखी एक. लग्नात आणि वरातीत गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्यानं मुभा दिली आहे. तिकीट लावलेल्या डीजे नाइटला ती नाही. तिथे परवाना काढावाच लागतो. मामाच्या लग्नात चाललं म्हणून कॉलेजात चालेल असं नाही.

आधी कुंपण की मंच?

अमेरिकेतल्या 1969 च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाची ठरलेली जागा महिनाभर आधी हातची गेली. नव्या शेतात मंच आणि कुंपण दोन्ही पुरं करायला वेळच उरला नाही. मंच उभा राहिला, कुंपण राहिलं, आणि चार लाखांवर माणसं फुकटात आत. जगात गाजला, आयोजक मात्र कर्जात बुडाले.

पिशवीत काय?

गॅफर टेप, केबल टाय, सुतळी, कात्री, सेफ्टी पिना, जाड मार्कर, माइकचे नवे सेल (कालच्या कार्यक्रमातले नव्हेत), गाणी पेनड्राइव्हवर, कारण हॉलचं नेट ऐन वेळी मान टाकतं. आणि अर्थातच कापूर. पंखा कुठल्या बटणावर आहे ते सकाळीच पाहून ठेवा. सभागृहाच्या बोर्डावर बावीस बटणं असतात, नाव एकावरही नसतं, आणि तुम्ही घाईत दाबाल ते नेमकं पाहुण्यांच्या डोक्यावरच्या लाइटचं निघतं.