पडद्यावरचा ठिपका आणि खाडीतलं पाणी

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कला चौपाटी आहे, पण समोर खुला समुद्र नाही. समोर आहे वसईची खाडी, उल्हास नदी समुद्राला मिळते ती वाट. भरतीला ती काठोकाठ भरते आणि सहा तासांनी त्याच जागी चिखल उघडा पडतो. पश्चिमेला नायगावकडे जाणारे रेल्वेपूल आणि पाणजू बेट. २०१६च्या कायद्याने हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला आणि फेब्रुवारी २०२४मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली. पाण्यावरची वर्दळ वाढू लागली, की तिच्यावर लक्ष कोणी ठेवायचं, हा प्रश्न आपोआप येतो.

मोठ्या बंदरांत हे काम व्हेसल ट्रॅफिक सर्व्हिस, म्हणजे व्हीटीएस करते. रडार, जहाजांनी आपणहून पाठवलेले एआयएस संदेश आणि व्हीएचएफ रेडिओ यांच्या आधारे किनाऱ्यावरचा ऑपरेटर जहाजांच्या हालचाली पाहतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली लिव्हरपूल बंदरात रडार बसलं, तिथपासून ही व्यवस्था वाढत गेली. ऑपरेटरच्या हाती सुकाणू नसतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या १९९७च्या ठरावात हे नेमकं मांडलं होतं: सूचना द्यायची ती परिणामाची, वळायचं कसं, इंजिन किती चालवायचं, हे कॅप्टन आणि पायलटने ठरवायचं. म्हणूनच ऑपरेटरच्या प्रशिक्षणात नौकानयनाच्या ज्ञानाला स्वतंत्र स्थान आहे. पडद्यावरच्या ठिपक्यामागे किती वजन आहे, त्याखाली किती पाणी आहे, हे ज्याला उमगत नाही त्याने दिलेली सूचना धोक्याचीच.

पहिला धडा पाण्याचा. मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचं जुनं गणित आहे: तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. अष्टमीला उत्तर येतं सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीत आत जावं तसतशी ती आणखी थोडी उशिरा पोचते. पुनव-अवसेच्या उधाणात मुंबईला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो. अष्टमीच्या आसपासच्या भांगात तो बराच कमी असतो. समजा, नकाशावर खोली ११ मीटर आहे, भरतीचं पाणी साडेतीन मीटर आणि जहाज १३ मीटर बुडालेलं. तळाखाली उरलं दीड मीटर. त्यातही उथळ पाण्यात वेग वाढवला, की जहाज आणखी खाली बसतं. ‘थोडं लवकर या’ असं रेडिओवर सांगण्याआधी ही वजाबाकी डोक्यात हवी.

दुसरा धडा वेळेचा. सागरी मैल १,८५२ मीटरचा आणि तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. प्रत्येकी १० नॉट वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन जहाजांमध्ये दोन मैल अंतर असेल, तर हाती उरतात सहा मिनिटं. मालाने भरलेलं मोठं जहाज पूर्ण वेगातून थांबायला काही किलोमीटर घेतं. त्यामुळे टक्कर होणार हे फार आधी ओळखावं लागतं, आणि त्याची खूण सोपी आहे: दुसरं जहाज ज्या दिशेला दिसतं ती दिशा बदलत नसेल आणि अंतर मात्र कमी होत असेल, तर टक्कर ठरलेली. ही परीक्षा मासेमारी बोटीचा कोणताही तांडेल नुसत्या डोळ्यांनी करतो. १९७२च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांतही ती लिहिलेली आहे.

त्याच नियमांत रात्रीची भाषाही आहे. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. दोन यांत्रिक जहाजं एकमेकांची वाट कापत असतील, तर ज्याला दुसरं जहाज आपल्या उजव्या हाताला दिसतं त्याने वाट द्यायची. समोरासमोर आली तर दोघांनी उजवीकडे वळायचं. अरुंद वाटेत उजवी कड धरायची. भारतीय बंदरांत शिरताना लाल बोया डाव्या हाताला राहतो. अमेरिकेत याच्या नेमकं उलट.

हे सगळं कळत असूनही काय होतं, ते मुंबईने ७ ऑगस्ट २०१० रोजी पाहिलं. जवाहरलाल नेहरू बंदरातून निघालेलं ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदराकडे येणारं ‘खलिजिया-३’ सकाळच्या उजेडात एकमेकांवर आदळली. दोन्ही बंदरांची मुख्य वाट एकच. चित्रा कलली, कंटेनर पाण्यात पडले, शेकडो टन तेल सांडलं, बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली आणि मासेमारीला मोठा फटका बसला. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै २०११ला, खलाशांनी सोडून दिलेलं ‘पवित’ हे टँकर जहाज वाहत वाहत जुहूच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा लोकांना ते दिसलं. यंत्रं कितीही असोत, त्यांच्यापुढे बसलेल्या माणसाला ‘हे इथे का आहे?’ असा प्रश्न पडला पाहिजे.

लहान बोटींच्या बाबतीत तर यंत्राची मदत आणखी अपुरी. एआयएसची आंतरराष्ट्रीय सक्ती मुख्यतः परदेशी फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना आणि प्रवासी जहाजांना. भाईंदरजवळच्या उत्तनची, डोल जाळं मांडणारी मासेमारी बोट त्यात बसत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. दाटीच्या पाण्यात काही क्षणांत काय घडू शकतं, ते त्या दुपारी दिसलं.

वसईच्या खाडीत आज बंदरासारखी व्हीटीएस उभारा, असं कोणी म्हणणार नाही. पण रो-रो, रेती काढणाऱ्या होड्या, मासेमारी आणि पुलांखालची ओढ एकाच पाण्यात आहेत. उत्तन-भाईंदरच्या तांडेलांना हे पाणी कोणत्या तिथीला कुठे ओढतं, हे पाठ असतं. जलमार्ग ५३वर प्रवासी फेऱ्या वाढवण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाने आणि महापालिकेने याच तांडेलांना रडार, रेडिओ आणि नियमांचं रीतसर प्रशिक्षण द्यावं, आणि खाडीवर नजर ठेवण्याचं काम त्यांच्या हाती सोपवावं.