मलप्रभेच्या उगमाकडे सायकलने

अस्थिरोगतज्ज्ञ या नात्याने वीस वर्षे मी रुग्णांना सहज सांगत आलो, "फक्त सहा आठवडे हात गळ्यात बांधून ठेवा." त्यातील 'फक्त'चा अर्थ मला जांबोटीच्या रानात उमगला.

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीस सायकलने जाणे हा आम्हां काही डॉक्टर मित्रांचा दरवर्षीचा नेम. कणकुंबीस उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेला मिळावयास निघते. याच डोंगररानांतील म्हादई मात्र पश्चिमेस गोव्याकडे वळते. २०११ साली अभयारण्य घोषित झालेल्या भीमगडाच्या अंतर्भागात आम्ही शिरत नाही. गावांना जोडणाऱ्या तांबड्या वाटाच धरतो.

पावसाळा सरल्यानंतरच्या एका फेरीत, उतारावरील वळणाशी, ओल्या जांभ्याच्या खड्यांवर मी पुढचा ब्रेक करकचून दाबला. चाक घसरले आणि माझे कॉलरबोन मोडले. पुढे सहा आठवडे सदऱ्याची बटणेही सौभाग्यवतींनीच लावली.

आता सायकलमित्रांना सांगतो, वेग वळणापूर्वीच, दोन्ही ब्रेक हळुवार दाबून कमी करावा. रुग्णांनाही सहा आठवडेच सांगतो. परंतु 'फक्त' हा शब्द गाळून, आणि घरी मदतीला कोण आहे, हे आधी विचारून.