बिअरच्या मठातून गाईंच्या गोठ्यात

वसईकडच्या वाचकाला ‘फादर’ चांगले परिचयाचे असतात. चर्च सांभाळणारे, शाळा चालवणारे, बाप्तिस्म्यापासून मयतापर्यंत हजर असणारे. कॅथलिक मठवासी, म्हणजे मंक, हा मात्र वेगळा माणूस. त्याच्याकडे सहसा ना धर्मग्राम, ना शाळा. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात 73 प्रकरणांची एक नियमावली लिहिली. बहुतेक मठवाशांचा दिवस तिच्याप्रमाणे चालतो. दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना, आठवड्याभरात दीडशेच्या दीडशे स्तोत्रे, मधल्या वेळात वाचन आणि अंगमेहनत. ज्या मठात शपथ घेतली, तिथेच राहायचे आणि तिथेच मरायचे.

पुढे केरळात आश्रम उभारणाऱ्या फ्रान्सिस माहियू यांनी ही शपथ घेतली ती बेल्जियममधल्या स्कूरमाँच्या ट्रॅपिस्ट, म्हणजे बेनेडिक्टची नियमावली काटेकोर पाळणाऱ्या पंथाच्या, मठात. त्यांचा जन्म 1912 मध्ये ईप्र गावचा. पुढच्या काही वर्षांतच पहिल्या महायुद्धाने हे गाव जमीनदोस्त केले. स्कूरमाँ म्हटले की युरोपात आधी आठवते ती बिअर. ‘शिमे’ नावाची ही बिअर 1862 पासून मठातच बनते. साधू आणि बिअर ही जोडी आपल्याला खटकेल, पण ट्रॅपिस्टांचा दंडक साधा आहे: पोट स्वतःच्या हातांनी भरायचे. मग कुठे चीज, कुठे पाव, कुठे बिअर.

या मठांत तेव्हा बोलणेही मोजकेच. कामापुरते संवाद बोटांच्या खुणांनी व्हायचे, आणि ही परंपरा फार जुनी. इंग्लंडमधल्या मठवाशांची अकराव्या शतकातली अशा खुणांची यादी आजही उपलब्ध आहे. त्यात दूध हवे असेल तर काय करावे? डाव्या हाताचे बोट उजव्या हाताने धार काढल्यासारखे ओढावे. हजार वर्षांपूर्वीच्या त्या भोजनगृहात लांब टेबलाशी ओळीने बसलेले साधू, कुणाच्या तोंडून शब्द नाही आणि एकजण स्वतःच्या बोटाची धार काढतोय, हे दृश्य डोळ्यांपुढे आणले की या मंडळींबद्दलचे दडपण जरा कमी होते.

1955 मध्ये माहियू भारतात आले. एकाच मठात मरण्याची शपथ घेतलेल्या माणसाने खंड बदलायचा, तर वरिष्ठांची परवानगी लागते. ती घेऊनच ते निघाले. तमिळनाडूत कावेरीकाठी ‘शांतिवनम’ हा ख्रिस्ती आश्रम 1950 पासून चालू होता. तिथे काही काळ राहून ते केरळला गेले. तिरुवल्लाच्या मलंकरा कॅथलिक बिशपांनी त्यांना बोलावून घेतले होते. 1958 च्या मार्चमध्ये बीड ग्रिफिथ्स या इंग्रज बेनेडिक्टाइन साधूला बरोबर घेऊन ते वागमोनजवळच्या कुरिसुमला या डोंगरावर चढले.

डोंगर उघडाबोडका, नुसते गवत. पहिला मुक्काम बांबू आणि विणलेल्या झावळ्यांच्या झोपडीत. खुर्ची नाही, टेबल नाही, खाली शेणाने सारवलेली जमीन. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही, पण ऑक्सफर्डला शिकलेल्या ग्रिफिथ्स यांनी ही सारवलेली जमीन पुढे आवर्जून लिहून ठेवली.

भगवी वस्त्रे, मांडी घालून जेवण, शाकाहार, पहाटेचे उठणे. कुरिसुमलाविषयी लिहिणारे या गोष्टींनी भारावून जातात. यातले निम्मे त्यांनी बेल्जियमहूनच आणले होते, हे कुणी सांगत नाही. चार पायांच्या प्राण्यांचे मांस निरोग्यांनी खाऊ नये, हे बेनेडिक्टच्याच नियमावलीत आहे, आणि ब्राह्ममुहूर्ताला ट्रॅपिस्ट साधू शतकानुशतके उठत आले आहेत. खरा मोठा बदल वेगळाच होता. त्यांनी लॅटिन उपासनापद्धती सोडली आणि मलंकरा चर्चची पश्चिम सिरियाक पद्धत घेतली. मध्यम वयात नवी लिपी, नवे सूर, नवे सणवार. तिच्यातला प्रार्थनांचा प्रचंड साठा माहियूंनी इंग्रजीत आणला. त्याचे चार खंड झाले. माझ्या मते, त्यांच्या आयुष्यातले सर्वांत चिवट काम हेच.

पोटासाठी मात्र गाई. डोंगरावर भात पिकत नव्हता, गवत पिकत होते. तेव्हा दुग्धव्यवसाय हा हिशेबाने घेतलेला निर्णय. गाईला रविवार कळत नाही. दिवसातून दोन वेळा कास धुवायची, धार काढायची, दूध वेळेत खाली पोचवायचे, शेण काढायचे, चारा कापायचा. रात्रीच्या प्रार्थनेनंतर साधू डुलक्या काढू शकत नाहीत, कारण गोठा हंबरायला लागतो. ध्यानधारणेच्या ओढीने आलेल्या तरुणांची पहिली गाठ पडते ती विळ्याशी आणि शेणाच्या पाटीशी. साठी उलटलेल्या साधूलाही घंटा आणि गोठा दोन्ही सांभाळावे लागतात.

बाहेर जग बदलत होते. दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 1965 चालली. तिने लोकभाषेतल्या उपासनेला दार उघडले आणि हिंदू धर्माविषयी आदराने लिहिले. कुरिसुमलावर भगवे आले ते त्याआधी काही वर्षे. 1968 मध्ये ग्रिफिथ्स शांतिवनमला गेले, तिथे उपनिषदांच्या अंगाने त्यांनी फार पुढचा प्रयोग केला आणि जगभर नाव मिळवले. माहियू, आता फ्रान्सिस आचार्य, डोंगरावरच राहिले. दोघांत थोर कोण हा वाद निरर्थक आहे, पण या डोंगरावरच्या मठात अखेरपर्यंत कोण राहिले असे विचारले तर उत्तर उघड आहे.

1998 मध्ये कुरिसुमला रीतसर ट्रॅपिस्ट संघात सामील झाला. 31 जानेवारी 2002 रोजी, नव्वदीच्या उंबरठ्यापलीकडे, आचार्य तिथेच वारले. तोवर युरोपात उलटे वारे वाहू लागले होते. तिथल्या मठांत साधू कमी होत गेले. शिमेच्या कारखान्यात बहुतेक काम आज पगारी माणसे करतात. बेल्जियममधल्याच आखेल मठातून 2021 मध्ये उरलेले साधूही निघून गेले, आणि त्यांच्या बिअरवरचा ट्रॅपिस्ट शिक्का गेला.

वागमोनला आता पर्यटकांची झुंबड असते, मराठी गाड्याही दिसतात. पाइनचे वन आणि पॅराग्लायडिंग बघून परतणाऱ्यांनी आश्रमाला आधी कळवून एक दिवस तिकडे काढावा. फोटोची घाई नको. शक्य झाल्यास पहाटेच्या प्रार्थनेला बसा, आणि मग गोठ्याकडेही चक्कर मारा.