ताशी २० किलोमीटर वेगानं दिसणारं रान : शकुंतलेच्या बाजूची झाडं कशी बनवायची

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोललो तसाच आहे, फक्त "म्हणजे" आणि "बरं का" थोडे कमी केलेत.

ट्रेन सिम्युलेटरबद्दल बोलायला बसलं की गप्पा इंजिनावरच जातात. वॅप-४ चा हॉर्न बरोबर आहे का, डब्ल्यूडीएम-२ चा धूर किती काळा, वगैरे. पण खिडकीतून जे दिसतं ते कोण बनवतं? झाडं, धुरे, विहिरी, टिनाची शेडं, बाभळीखाली उभी असलेली बंडी. आज त्याबद्दल बोलू. ऑफिस सुटल्यावर माझे बरेच महिने त्यातच गेलेत.

मी बनवतोय मूर्तिजापूर ते अचलपूर. ७६ किलोमीटरच्या आसपास, नॅरोगेज, म्हणजे आपली शकुंतला. मी चांदूर बाजारचा. आमच्या गावातून ब्रॉडगेज जाते, नरखेड-बडनेरा. शकुंतला शेजारच्या अचलपूरला यायची. किलिक निक्सन कंपनीनं इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या मोठ्या लाइनीपर्यंत न्यायला ही गाडी उभारली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं. आता गाडी बंद आहे.

मी ज्यात काम करतो तो गेम ट्रेन्झ. २००१ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या ऑरन कंपनीनं काढला. त्यामुळे त्यात ऑस्ट्रेलियन हौशी मंडळींनी बनवलेल्या वस्तूंचा भरपूर साठा आहे. त्या लोकांचं काम खरंच बघण्यासारखं असतं. मेलबर्नजवळ पफिंग बिली नावाची जुनी डोंगरातली गाडी आहे, १९०० साली सुरू झालेली. तिचा गेज किती? ७६२ मिलिमीटर. शकुंतलेचाही तेवढाच! ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर असतो, म्हणजे ही त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे त्यांचे रूळ, आखूड स्लीपर, छोटे सांधे थोडी डागडुजी करून आपल्याला वापरता येतात. खडी काढायची आणि रुळांच्या मधून गवत उगवायचं, की झालं.

झाडांचं मात्र तसं नाही. त्यांचा गम ट्री म्हणजे आपली नीलगिरी, ती आपल्याकडे रस्त्याच्या कडेनं दिसतेही. चार-दोन ठिकाणी खपून जाते. पण पांढरट गुळगुळीत खोडाची, वर पातळ शेंडा असलेली झाडं रुळाच्या दोन्ही बाजूंनी लावलीत, तर डब्यावर मराठीत काहीही लिहा, गाडी व्हिक्टोरियातच चाललेली वाटते.

आणि इथंच शकुंतलेचा वेग आडवा येतो. हिशोब करून बघा. ताशी १०० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. समोर ५० मीटरवरचं झाड दोन सेकंदांच्या आत मागे पडतं, ते बाभूळ होतं की आणखी काही याचा विचार करायलाही सवड नसते. शकुंतला ताशी २० च्या आसपास चालायची, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. तेच झाड ९ सेकंद तुमच्याकडे येत राहतं. एवढ्या वेळात काटे दिसतात, शेंगा दिसतात, आणि शेजारचं झाड हुबेहूब हेच आहे, नुसतं फिरवून लावलंय, हेही दिसतं. राजधानीचा मार्ग बनवणाऱ्याचं काम लांबच्या देखाव्यावर भागतं. नॅरोगेजवाल्याला रुळापासून १५ मीटरपर्यंतचं सगळं नीट करावं लागतं.

मग प्रत्येक झाड भरगच्च का करू नये? कारण ग्राफिक्स कार्ड रडायला लागतं. थ्रीडी वस्तू त्रिकोणांची बनलेली असते. माझी जवळून बघायची बाभूळ ५,००० त्रिकोणांची आहे. एका वेळी नजरेच्या टप्प्यात ३,००० झाडं आहेत असं धरा, म्हणजे दीड कोटी त्रिकोण झाले. म्हणून एकाच झाडाच्या तीन आवृत्त्या करायच्या. जवळची ५,००० ची, मधली ६०० ची, आणि लांबची म्हणजे नुसते दोन सपाट कागद अधिक चिन्हासारखे एकमेकांत घातलेले, ४ त्रिकोण फक्त. जवळ ६० झाडं, मध्ये ४००, बाकी सगळी कागदी. बेरीज साडेपाच लाखांच्या आसपास येते. अंतर बदललं की गेम आपोआप आवृत्ती बदलतो. खरं कसब एवढंच, की ती बदलताना झाडानं "टुणकन" उडी मारू नये. त्यासाठी तिन्हींचा बाहेरचा आकार आणि पानांचा सरासरी रंग जुळला पाहिजे. बाभळीचा छत्रीसारखा पसरलेला माथा लांबूनही छत्रीच दिसला पाहिजे.

पानांचे फोटो मी स्वतः काढतो, ढगाळ दिवशी. कडक उन्हात काढले तर सावली फोटोतच भाजली जाते आणि गेममधला सूर्य पूर्वेला असला तरी झाडाची सावली दुपारचीच राहते. श्रावणातली झाकोळलेली सकाळ सगळ्यात चांगली. फोटोचं टेक्स्चर १०२४ बाय १०२४ मध्ये बसवायचं, पानाभोवतीचा भाग पारदर्शक करायचा, ब्लेंडरमध्ये १ युनिट बरोबर १ मीटर ठेवायचं. बाकीचं सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ ढीगभर आहेत, त्यात मी शिरत नाही.

कोणतं झाड कुठं लावायचं, हे मात्र कोणताच व्हिडिओ सांगत नाही. रुळांची चाचणी चालू असताना मी मुद्दाम गेममधलीच तयार झाडं भरून ठेवली होती, जागा अडवायला म्हणून. आमच्या शेजारचे एक काका ऐन तारुण्यात या गाडीनं फिरलेले. त्यांना लॅपटॉपवर दाखवलं. पाचेक मिनिटं गप्प बसून बघत राहिले. मग म्हणाले, "दर्यापूरच्या पुढं एवढी सावली कुठून आनली बाप्पा? तिथं त पानी खारं हाय."

एका वाक्यात अख्ख्या मार्गाचा नकाशा मिळाला! मूर्तिजापूर, लाखपुरी, बनोसा, म्हणजे दर्यापूर, हा सगळा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, ओलीत कमी, म्हणून बागा नाहीत. काळी सपाट जमीन, धुऱ्यावर बाभूळ, क्वचित कडुनिंब. कापूसतळणी सोडून अंजनगाव आलं की चित्र बदलतं: पानमळे, पानपिंपळी, केळी. पथ्रोटच्या पुढं अचलपूरकडे संत्र्याच्या बागा. म्हणजे एकाच मार्गासाठी मला झाडांचे तीन संच लागले, आणि पहिल्या संचात झाडं कमी ठेवणं हेच मोठं काम होतं. मोकळं रान मोकळंच ठेवायला हात धजत नाही हो.

दुसरा प्रश्न महिन्याचा. जूनमध्ये तेच शेत काळं, ऑगस्टमध्ये हिरवं, फेब्रुवारीनंतर नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या. मी नोव्हेंबर धरला. बोंडं फुटून रान पांढरं झालेलं, मधून मधून तुरीच्या ओळी पिवळ्या फुलांवर. कपाशी झाडागणिक कोणी लावू शकत नाही. मी १० मीटर लांबीची एक ओळ बनवली, तिच्या पाच वेगवेगळ्या तऱ्हा केल्या आणि ओळींचे पट्टे अंथरले. फक्त पहिल्या दोन ओळींत खरी बोंडं आहेत, मागच्या ओळींत पांढरे ठिपके. वेचणाऱ्या बायांची डोक्याला रुमाल बांधलेली एक आकृती करून झाली आहे, ओटी अजून नीट लोंबत नाही.

जमिनीच्या उंचसखलपणासाठी अवकाशातून रडारनं मोजलेले आकडे फुकट मिळतात, दर ३० मीटरला एक. सपाट वऱ्हाडात ते पुरतात, नदीत नाही. आमच्या तालुक्यातून खाली जाणारी पूर्णा हा मार्गही ओलांडते. ३० मीटरच्या जाळीत तिचे उभे काठ बशीसारखे पसरट होतात. तिथं हातानंच खोदावं लागलं. उलट उत्तरेचा सातपुडा. मूर्तिजापूरहून निघताना जवळजवळ नसल्यासारखा, अचलपूर येईपर्यंत समोर उभा. तो मी अगदी ओबडधोबड जमिनीचा केलाय, कारण हिवाळ्यातल्या धुरकट हवेत डोंगराला तपशील नसतोच.

आता राहिली स्टेशनं, आणि इथं काम अडलंय. शकुंतलेचे इंटरनेटवरचे फोटो बघा: इंजिन, टपावर बसलेली माणसं, पुन्हा इंजिन. स्टेशनची मागची भिंत कोणी काढत नाही. इमारती पडायला आल्यात, काही ठिकाणी कवेलू गेलेत, काही ठिकाणी दारं. मोजमाप घ्यायचं तर आत्ताच. मी एक पाच मीटरचा टेप आणि एक लाल-पांढरी काठी घेऊन फिरतो. काठी एक मीटरची, तिच्यावर दर १० सेंटिमीटरला पट्टा. ती भिंतीला टेकवून समोरून फोटो काढला की बाकीची मापं घरी बसून निघतात.

तर मंडळी, कोणाच्या घरी जुने फोटो असतील, लग्नाच्या वऱ्हाडाचे, शाळेच्या सहलीचे, तर माणसांच्या मागे काय दिसतंय ते बघा. मला बनोसा स्टेशनची पाण्याची टाकी कोणत्या बाजूला होती ते हवंय, आणि पथ्रोटला फलाटावर कोणतं झाड होतं ते. एक जण वड सांगतात, दुसरे ठामपणे चिंच. तोपर्यंत तिथं मी काहीच लावलेलं नाही.