बॅटरी बदलण्याआधी

जुन्या मारुती ८०० ची किल्ली फिरवली, नुसतंच 'टक्' झालं, की घरात नव्या बॅटरीचा हिशेब सुरू होतो. जरा थांबावं. दोष पुष्कळदा दुसरीकडेच असतो.

साधा मल्टिमीटर घ्यावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर ती भरलेली आहे. मग इंजिन चालू करून पुन्हा मोजावं. साधारण १३.८ ते १४.४ दिसलं तर चार्जिंग ठीक. आकडा १२ वरच रेंगाळला तर आधी पट्टा दाबून पाहावा. सैल पट्टा घसरतो आणि अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही.

सगळ्यात फसवी असते ती अर्थिंगची तार. बोल्टखाली गंज धरतो, वरून मात्र सारं धडधाकट दिसतं. स्टार्टर मारताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावावं. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला की बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासावा.

आणि डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा? अनेक जुन्या गाड्यांत त्याच्यातूनच अल्टरनेटरला पहिला प्रवाह मिळतो. बल्ब गेला तर चार्जिंग सुरूच होत नाही. किल्ली फिरवल्यावर तो लागतो का, हे मेकॅनिककडे जाण्याआधीच पाहता येतं.