पन्नास डाव आणि एक काळा हंस

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण कार्ल पॉपरपाशी थांबलो होतो. हजार पांढरे हंस पाहिले तरी 'सगळे हंस पांढरे' हे सिद्ध होत नाही. एक काळा दिसला की विधान पडतं. पॉपरनं हे १९३४ साली विज्ञानाबद्दल मांडलं. आज तेच आपण एका संगणकीय खेळात पाहू. हसू नका, विषय गंभीर आहे.

खेळाचं नाव 'झीरो ए.डी.'. खरं तर इसवी सनात शून्य हे वर्षच नाही, इ.स.पू. १ नंतर एकदम इ.स. १. खेळात ग्रीक, रोमन, कार्थेजवाले, पर्शियन लढतात. २०१३च्या तेराव्या आवृत्तीपासून मौर्यही आले, आणि त्या आवृत्तीचं नावच 'मगध'. वाइल्डफायर गेम्स हा स्वयंसेवकांचा गट तो बनवतो. २००९ साली त्यांनी सोर्स कोड सर्वांना खुला केला. मोठी नवी आवृत्ती काढण्याआधी ते एक उमेदवार आवृत्ती सगळ्यांपुढे ठेवतात आणि म्हणतात, खेळा आणि चुका शोधा.

आमचा नातू ही चाचणी करत होता. म्हणाला, "आजोबा, पन्नास डाव झाले, काही बिघडलं नाही. म्हणजे आता नीट आहे ना?" आम्ही म्हटलं, थांब. आधी हा खेळ चालतो कसा ते समजून घेऊ.

लढाईत शेकडो सैनिक असतात. प्रत्येकाची जागा, जखमा सतत इंटरनेटवरून पाठवणं फार जड. म्हणून फक्त हुकूम पाठवले जातात: 'हे धनुर्धारी तिकडे जा'. पुढची सगळी लढाई प्रत्येक संगणक आपापली गणित करून चालवतो. हुकूम तेच, नियम तेच, म्हणून निकालही तोच. लायब्निझची दोन घड्याळं आठवा: एकमेकांशी न बोलता सारखीच वेळ दाखवणारी. पूर्वनियोजित सुसंवाद, तो हाच!

पण घड्याळ एका क्षणानं जरी चुकलं तर? अपूर्णांकाचं गणित दोन यंत्रांवर किंचित वेगळं येऊ शकतं. म्हणून या खेळात दशांशाची ठरावीक जागा धरून हिशेब करतात. तरीही कुठे चूक राहिली, तर एका पडद्यावर बाण लागतो, दुसऱ्यावर चुकतो, आणि तिथून एकाच लढाईचे दोन इतिहास सुरू होतात. संगणक अधूनमधून आपली स्थिती पडताळतात. ती जुळली नाही की 'आउट ऑफ सिंक' असा इशारा येतो. हाच आपला काळा हंस.

तो बनवणाऱ्यांच्या घरी दिसेलच असं नाही. कुणाकडे विंडोज, कुणाकडे लिनक्स, कुणाकडे मॅक. शिवाय माणसं अशा चाली खेळतात ज्या बनवणाऱ्याला सुचल्याच नव्हत्या. म्हणून चाचणी जाहीर. मात्र 'खेळ बिघडला' एवढं म्हणून भागत नाही. कोणती आवृत्ती, कोणती यंत्रणा, आणि त्या डावातल्या हुकुमांची नोंद, म्हणजे रिप्ले, जोडली की दुसरा माणूस तोच डाव पुन्हा चालवून पाहू शकतो. तिथे तक्रारीचा पुरावा होतो.

'हत्ती फारच भारी पडतात' ही तक्रार मात्र निराळी. तिथे एक डाव काहीच ठरवत नाही. मतं ऐकून, तोलून निर्णय घ्यावा लागतो. आणि मौर्यांचं सैन्य खरंच असं लढत होतं का, हे कितीही डाव खेळून कळणार नाही. त्यासाठी शिलालेख आणि ग्रंथांकडेच जायला हवं. तीन प्रश्न, तीन कसोट्या. त्यांची गल्लत करू नये.

चुकीची किंमतही लक्षात घ्या. तेविसावी आवृत्ती मे २०१८ची, चोविसावी फेब्रुवारी २०२१ची. मधे जवळजवळ तीन वर्षं! तेवीस, चोवीस आणि पंचवीस या तिन्ही आवृत्त्यांना पुढे 'बी' लावून दुरुस्त रूप काढावं लागलं. मग चाचणी व्यर्थ का? मुळीच नाही. सापडलेली प्रत्येक चूक हजारोंचा डाव वाचवते. फक्त 'चूक सापडली नाही' याचा अर्थ 'चूक नाही' असा होत नाही, एवढंच.

तर नातवाला आम्ही काय सांगितलं? "पन्नास डावांत काळा हंस दिसला नाही, इतकंच लिही. आणि एक्कावन्नावा डाव लाव."

पुढच्या वेळी पॉपरवरचे आक्षेप पाहू. प्रश्न लिहून ठेवा.