होल्डरवर किती व्होल्ट?

केजहून धारूरमार्गे माजलगावला निघालं की धारूरचा घाट उतरावा लागतो. घाट अरुंद आणि वळणांचा. खाली तेलगावला साखर कारखाना आहे, त्यामुळे हंगामात रात्रभर या रस्त्यावर ऊस चालू असतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या आणि त्यांच्या अधेमध्ये बैलांच्या टायरगाड्या. उसाची वाढी मागे इतकी लोंबते की एखादं रेडियम लावलेलं असलं तरी ते झाकून जातं.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रात्री अशीच एक टायरगाडी मला अगदी जवळ आल्यावर दिसली. ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही. पण उसावर एक बाई लेकराला घेऊन बसलेली होती, आणि ती मला गाडी थांबल्यानंतर दिसली. माझी गाडी 2006 सालची मारुती 800. दिवे लागत होते, काचा पुसलेल्या होत्या. उजेड मात्र पिवळट आणि थकलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजच्या ओळीत गेलो आणि 100/90 वॅटचे बल्ब मागितले. ज्यांच्याकडून वायरिंगची कामं करून घेतो त्या चाचांनी ते बसवायला साफ नकार दिला. म्हणाले, "सर, अगोदर मीटर लावू." इंजिन चालू ठेवून त्यांनी बॅटरीच्या टोकांवर मीटर धरलं: 13.8 व्होल्ट. मग दिवा पेटलेला असतानाच होल्डरच्या मागून पिना घातल्या: 11.4. जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच जिरत होते.

ही वाट समजून घेण्यासारखी आहे. जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या दांडीपर्यंत येतो, तिथल्या बारीक पत्र्यांतून जातो आणि मग बल्बकडे वळतो. 60 वॅटचे दोन बल्ब म्हणजे जवळजवळ 10 अँपिअर. वीस वर्षांच्या वायरी, काळवंडलेले जोड आणि गंजलेली अर्थिंग यांतून तो जाताना व्होल्टेज पडतं. हॅलोजनचा स्वभाव असा, की व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. हिशेब केला तेव्हा कळलं, माझी गाडी साधारण निम्म्या उजेडावर चालत होती. त्यात 100 वॅटचा बल्ब घातला असता तर त्याच वायरीतून आणखी करंट ओढला गेला असता, आधी होल्डर वितळला असता आणि मग दांडीतला स्विच जळाला असता.

उपाय म्हणजे रिले. अपरला एक, डिपरला एक. रिलेच्या बुडाशी 30, 87, 85 आणि 86 असे आकडे असतात. 30 वर थेट बॅटरीची जाड वायर येते, 87 वरून ती बल्बकडे जाते. 85 आणि 86 च्या मध्ये छोटी कॉइल असते, तिला गाडीची मूळ हेडलाइटची वायर जोडायची. आता दांडीतल्या स्विचला फक्त कॉइल ओढण्यापुरता करंट द्यावा लागतो, बल्बचा लोड बॅटरीतून सरळ येतो.

मी शेजारी बसून निम्मं काम स्वतः केलं, तेवढी एक दुपार पुरली. चाचांनी आधी टेस्ट लॅम्प लावून पाहिलं की स्विच पॉझिटिव्ह तोडतो की अर्थ. काही गाड्यांत अर्थ तुटते, तिथे बाजारातलं तयार किट जसंच्या तसं चालत नाही. वायर अडीच स्क्वेअर एमएमची घेतली. 15 अँपिअरचे दोन फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच बसवले, कारण फ्यूजच्या आधीची वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड त्यांनी एकही ठेवला नाही, प्रत्येक टोकाला लग दाबून बसवला. अर्थसाठी बॉडीचा रंग खरवडून पांढरं लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. होल्डर सिरॅमिकचे. बल्ब मात्र तेच, 60/55 वॅटचे एच-4.

पुन्हा मीटर लावलं. होल्डरवर 13.3.

यानंतरचं काम बहुतेक लोक सोडून देतात, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठं आहे. उजेड वाढला की दिवे खाली बसवावे लागतात. मागच्या सीटवर ज्वारीची दोन पोती ठेवली, कारण मागे वजन आलं की गाडीचं नाक वर होतं. मग सपाट जागेवर, भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करून डिपर लावला. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली येईपर्यंत स्क्रू फिरवले. समोरच्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपले तर आपल्या उजेडाचा काय उपयोग? हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवण्याला माझा विरोध आहे तो याचसाठी. एलईडीची चकाकणारी जागा फिलामेंटच्या जागी नेमकी येत नाही आणि उजेड वर फुटतो.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात बदल करायला मनाई करतं आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. म्हणून बल्ब मूळ वॅटचाच ठेवायचा आणि सुधारायची ती त्याची वाट.

बाकीची कामं लहान होती. दारांचे रबर बदलले, उन्हाळ्यात आमच्याकडची माती पार डॅशबोर्डवर येऊन बसायची ती कमी झाली. वायपरची पाती नवी घातली. एअर फिल्टर आता लवकर बघतो.

मागच्या हंगामात त्याच घाटाखाली टायरगाडीची चाकं आणि वरची माणसं लांबूनच दिसली. वेग कमी करायला, डिपर द्यायला वेळ मिळाला. डिकीत रेडियमच्या पट्टीचा रोल ठेवतो. थांबलेली गाडी दिसली की गाडीवानाला विचारून मागच्या आडव्या लाकडावर, वाढी पोचणार नाही अशा जागी, पट्टी लावून देतो.

तुमच्या गाडीचा उजेड कमी वाटत असेल तर बल्बच्या दुकानात जाण्याआधी वायरमनकडे जा. दिवे लावून त्याच्याकडून दोन आकडे घ्या: बॅटरीवर किती आणि होल्डरवर किती. दसऱ्यानंतर रस्ते उसाने भरतात, हे काम त्याआधी करून घ्या.